रुग्णाची व्याख्या आणि निरोगी ग्राहक : महाराष्ट्रातील खासगी सौंदर्योपचार केंद्रांच्या नियमनाचा ऐतिहासिक मागोवा

गोषवारा

खासगी सौंदर्योपचार केंद्रांत होणाऱ्या शस्त्रक्रिया व तत्सम उपचार यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न एकविसाव्या शतकात तीव्रतेने पुढे आला असला, तरी त्याची मुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कायद्यांत आहेत. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ या कायद्याने 'आजारी माणूस' आणि 'त्याला ठेवून घेणारी जागा' या दोन कल्पनांवर नियमनाची उभारणी केली. सौंदर्योपचार केंद्रात येणारी व्यक्ती बहुधा आजारी नसते आणि तेथे मुक्कामही करीत नाही. त्यामुळे या केंद्रांचा मोठा भाग नियमनाच्या परिघावर राहिला, असे प्रस्तुत शोधनिबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सौंदर्योपचार, शुश्रूषागृह, नोंदणी, सुघटन शल्यचिकित्सा, केशरोपण, रुग्णहक्क.

१. प्रस्तावना

गेल्या तीन दशकांत महाराष्ट्रातील महानगरांतच नव्हे, तर जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतही त्वचा, केस व सौंदर्य यांवरील उपचारकेंद्रांच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. लेझरने केस काढणे, सुरकुत्यांसाठी इंजेक्शन देणे, केशरोपण, चरबी काढण्याची शस्त्रक्रिया अशा सेवा तेथे उपलब्ध असतात. त्यांच्या ग्राहकांत मध्यमवयीन व्यावसायिकांप्रमाणेच महाविद्यालयीन युवक-युवतीही आहेत. विवाहापूर्वी अथवा नोकरीच्या मुलाखतीपूर्वी 'थोडे नीटनेटके' व्हावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. केंद्रात पाऊल ठेवताना आपण रुग्ण होत आहोत, ही जाणीव त्यांच्यापैकी अनेकांना नसते.

मार्च २०१९ मध्ये मुंबईतील एका व्यापाऱ्याचा केशरोपणानंतर अल्पावधीतच मृत्यू झाला. त्यापूर्वी २०१६ मध्ये चेन्नई येथे वैद्यकीय शाखेचाच एक विद्यार्थी केशरोपणानंतर दगावला होता. मे २०२२ मध्ये बंगळूर येथे कन्नड दूरचित्रवाणीवरील एका तरुण अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. या तिन्ही व्यक्ती उपचारासाठी गेल्या तेव्हा जिवावर बेतणारा कोणताही आजार बरा करून घेण्यासाठी गेल्या नव्हत्या. म्हणूनच प्रत्येक घटनेनंतर समाजात एकच प्रश्न विचारला गेला : या केंद्रांवर देखरेख कोणाची? या प्रश्नाचे उत्तर वर्तमानपत्री संतापात सापडत नाही. ते कायद्यांच्या इतिहासात शोधावे लागते.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, मुंबई इलाखा व नंतरचे महाराष्ट्र राज्य यांतील खासगी उपचारकेंद्रांच्या नियमनाचा विकास पाहणे. दुसरे, या नियमनाच्या चौकटीत सौंदर्योपचार नेमके कोठे बसतात व कोठे निसटतात हे तपासणे. तिसरे, ज्या इंग्लंडच्या कायद्यावरून आपला कायदा घडला, त्या देशात हीच अडचण कशी हाताळली गेली याची तुलना करणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अधिनियम, नियम, न्यायनिर्णय, अधिसूचना व चौकशी अहवाल यांचा आधार घेतला आहे.

३. नोंदवहीपूर्वीचा काळ : पुण्यातील नाक

सुघटन शल्यचिकित्सेच्या जागतिक इतिहासात पुण्याला मानाचे स्थान आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या, वीट करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील कातडी वळवून नवे नाक बसविले. मुंबईतील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचे सांगितले जाते. तिचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात प्रसिद्ध झाला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ मध्ये लंडनमध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

या घटनेचा गौरव आपल्याकडे वारंवार होतो. नियमनाच्या दृष्टीने मात्र तिच्यातील दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, त्या कारागिराचे नाव कोणत्याही नोंदवहीत नव्हते. त्याच्यावरील विश्वास पिढीजात हातोटी व पंचक्रोशीतील लौकिक यांवर उभा होता. त्याने बसविलेले नाक रोज बाजारातून फिरत होते, आणि तेच त्याचे प्रमाणपत्र होते. शस्त्रक्रिया फसली असती, तर तेही कोणापासून लपले नसते. दुसरी गोष्ट अशी की, वैद्यकीय अर्थाने कावसजी आजारी नव्हता. जखम केव्हाच भरली होती. त्याला परत हवी होती ती समाजातील जागा. अब्रू गेली की 'नाक कापले गेले' असे म्हणणाऱ्या भाषेत त्याच्या गरजेचे वेगळे स्पष्टीकरण देण्याचे कारण नाही. माणूस निरोगी असूनही केवळ रूपासाठी शस्त्राखाली जातो आणि त्यामागचे कारण क्षुल्लक असतेच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते. पुढील कायद्यांनी नेमकी हीच गोष्ट ध्यानात घेतली नाही.

४. प्रथम माणसाची नोंदणी, नंतर जागेची

महानगर वाढले की लौकिकाची देखरेख अपुरी पडते. कोणाचा हात कसा आहे, हे अनोळखी वस्तीत कोणी सांगू शकत नाही. तेथे कागद लागतो. मुंबई वैद्यक अधिनियम, १९१२ या कायद्याने पाश्चात्य वैद्यक शिकलेल्या व्यवसायींची नोंदवही सुरू झाली. मुंबई वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९३८ या कायद्याने देशी वैद्यकपद्धतींच्या व्यवसायींसाठी तशीच व्यवस्था केली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांची जागा अनुक्रमे १९६५ व १९६१ च्या महाराष्ट्र अधिनियमांनी घेतली. या सर्व कायद्यांचा रोख उपचार करणाऱ्या व्यक्तीवर होता. ती कोणत्या जागेत, कोणत्या साधनांनी व कोणाच्या मदतीने उपचार करते, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

तो प्रश्न १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाने हाती घेतला. या कायद्याचे मूळ इंग्लंडच्या १९२७ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये १९२६ मध्ये संसदेच्या निवड समितीने खासगी शुश्रूषागृहांची चौकशी केली व त्यानंतर नोंदणीचा कायदा आला. त्या कायद्यातील 'शुश्रूषागृह' या शब्दाची व्याख्या मुंबईच्या कायद्यात जवळजवळ तशीच उतरली. आजार, इजा अथवा अशक्तता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा करण्यासाठी वापरण्यात येणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह, असा तिचा आशय आहे. प्रसूतिगृहाचाही तीत समावेश करण्यात आला.

कायद्याची यंत्रणा साधी होती. नोंदणीशिवाय शुश्रूषागृह चालविण्यास मनाई करण्यात आली. जागा, कर्मचारी व साधने योग्य नसल्यास नोंदणी नाकारण्याचा अधिकार स्थानिक पर्यवेक्षण प्राधिकाऱ्यास मिळाला व आरोग्य अधिकाऱ्यास तपासणीचा अधिकार मिळाला. त्या काळाच्या दृष्टीने हे पाऊल पुरोगामी होते. परंतु व्याख्येतील दोन अटी लक्षात घ्याव्या लागतात. व्यक्ती 'आजारी, जखमी वा अशक्त' असली पाहिजे आणि तिला तेथे 'ठेवून घेतले' पाहिजे. १९४९ साली या दोन अटींमुळे काही निसटत नव्हते, कारण भूल देऊन करावयाची शस्त्रक्रिया खाटेवाचून होतच नव्हती. सकाळी यायचे, सुन्न करणाऱ्या इंजेक्शनाखाली काही तास उपचार घ्यायचे आणि संध्याकाळी घरी जायचे, हा प्रकार कायदेकर्त्यांच्या कल्पनेत असणे शक्य नव्हते.

५. सार्वजनिक रुग्णालयांतील सुघटन शल्यचिकित्सा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत सुघटन शल्यचिकित्सा हे मुख्यतः सार्वजनिक रुग्णालयांचे कार्यक्षेत्र होते. १९५७ मध्ये भारतातील सुघटन शल्यचिकित्सकांची संघटना स्थापन झाली. १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी सर ज. जी. रुग्णालयातील विभाग नावारूपास आणला. पुण्याजवळील कोंढवा येथे कुष्ठरोगाने विद्रूप झालेले चेहरे व हात पुन्हा घडविण्याचे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे.

या विभागांत येणारा माणूस भाजलेला, अपघातात सापडलेला, ओठ वा टाळू जन्मतः दुभंगलेला अथवा कुष्ठरोगाच्या खुणा वागविणारा असे. म्हणजेच तो १९४९ च्या व्याख्येत सहज बसत होता. शिवाय सार्वजनिक रुग्णालयात देखरेखीची एक अंगभूत व्यवस्था असते. वरिष्ठ कनिष्ठाचे काम पाहतो. भूलतज्ज्ञ स्वतंत्र विभागाचा असतो. शेजारी अतिदक्षता कक्ष असतो. मृत्यू झाल्यास त्याची चर्चा विभागाच्या सभेत होते. ही व्यवस्था कायद्याने घालून दिलेली नव्हती, ती संस्थेच्या रचनेतून आलेली होती. पुढे हेच कौशल्य खासगी क्षेत्रात गेले, तेव्हा शल्यवैद्याचा हात त्याच्याबरोबर गेला, परंतु त्याच्याभोवतीची ही देखरेख मागेच राहिली.

६. खासगीकरण, न्यायालये आणि ग्राहक

खासगी शुश्रूषागृहांची संख्या वाढत गेली, तशी १९४९ च्या कायद्याची दुर्बल अंमलबजावणीही उघड होत गेली. कायदा प्रारंभी निवडक शहरांपुरताच लागू होता व राज्यभर पसरण्यास त्याला अनेक दशके लागली. मुंबई उच्च न्यायालयात १९९० मध्ये दाखल झालेल्या एका याचिकेमुळे मुंबईतील शुश्रूषागृहांच्या पाहणीसाठी समिती नेमण्यात आली. अपुरी जागा, अर्हताप्राप्त परिचारिकांचा अभाव आणि नोंदणी व तपासणीबाबतची उदासीनता हे चित्र त्या निमित्ताने समोर आले. जी शुश्रूषागृहे कायद्याच्या व्याख्येत निःसंशय बसत होती, त्यांची ही स्थिती होती. मग जी बसतच नव्हती, त्यांच्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

याच सुमारास १९९१ च्या आर्थिक उदारीकरणाने मध्यमवर्गाच्या हाती पैसा व डोळ्यांसमोर नव्या प्रतिमा आणल्या. वैद्यकीय तंत्रज्ञानही बदलले. लेझर यंत्रे लहान झाली. बोटुलिनम विषाच्या सौंदर्यविषयक वापरास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये मान्यता दिली आणि सुरकुत्यांचा उपचार सुईच्या टोकावर आला. शस्त्रक्रियागृह, खाट व मुक्काम यांची गरज उरली नाही. दुकानाच्या गाळ्यातही हे उपचार होऊ लागले.

कायद्याच्या जागी या काळात न्यायालये पुढे आली. 'भारतीय वैद्यक संघटना विरुद्ध व्ही. पी. शांता' या १९९५ च्या निर्णयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. मुंबईतील एका मृत्यूवरून उद्भवलेल्या 'पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की, ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय. 'समीरा कोहली विरुद्ध प्रभा मनचंदा' या २००८ च्या निर्णयाने संमतीचा अर्थ स्पष्ट केला. उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके समजून दिलेली संमती हीच खरी संमती, ही भूमिका न्यायालयाने घेतली.

हे निर्णय मोलाचे आहेत. तथापि न्यायालय नुकसान झाल्यानंतर येते. भरपाई मिळते ती दाद मागण्याची चिकाटी व ऐपत असलेल्याला. शिवाय सौंदर्योपचार घेतलेली व्यक्ती तक्रार करण्यास संकोचते. आपण केस लावून घेतले वा चेहऱ्यावर उपचार केले, हे घरच्यांनाही न सांगणारी व्यक्ती ते न्यायालयात सांगण्यास सहसा धजत नाही. पुण्याच्या कारागिराची शस्त्रक्रिया फसली असती, तर ती सर्वांना दिसली असती. आजच्या उपचाराची फसगत ग्राहक स्वतःच झाकून ठेवतो. त्यामुळे लौकिकाची जुनी देखरेखही येथे निकामी ठरते आणि जाहिरात तिची जागा घेते.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांना जाहिरातीची बंदी घातली आहे. परंतु ती संहिता नोंदणीकृत डॉक्टरला बांधते. केंद्र चालविणारी कंपनी अथवा तिचा शाखाधारक यांना बांधत नाही. जाहिरात कंपनीच्या नावे होते, उपचार डॉक्टरच्या नावे होतो आणि जबाबदारी दोहोंच्या मध्ये अडकून राहते. ही संहिता बदलण्याचा प्रयत्न राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. मात्र नवे विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले.

७. आधी कर, नंतर सुरक्षितता

राज्यसंस्थेला सौंदर्योपचार केंद्र दिसतच नव्हते, असे म्हणता येणार नाही. १ सप्टेंबर २००९ पासून केंद्र शासनाने सौंदर्य व सुघटन शस्त्रक्रियेवर सेवाकर लागू केला. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करणाऱ्या शस्त्रक्रिया त्यातून वगळण्यात आल्या. २०१२ च्या करमाफीच्या अधिसूचनेत आरोग्यसेवेला सूट देताना केशरोपण व सौंदर्य शस्त्रक्रिया यांना स्पष्ट शब्दांत त्या सुटीबाहेर ठेवण्यात आले. १ जुलै २०१७ पासून आलेल्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेतही हाच भेद कायम राहिला.

करकायद्याने केलेला हा भेद बारकाईने पाहण्यासारखा आहे. कावसजीची शस्त्रक्रिया त्याच्या दृष्टीने आरोग्यसेवा ठरते. टक्कल पडलेल्या तरुणाचे केशरोपण ठरत नाही. महसुलाच्या दृष्टीने या भेदाचे समर्थन करता येईल. परंतु चिरा दोघांच्याही कातडीला पडतो, सुन्न करणारे औषध दोघांच्याही रक्तात उतरते आणि जंतुसंसर्ग कारण विचारून होत नाही. 'ही आरोग्यसेवा नव्हे' हे वाक्य कर आकारताना उच्चारले गेले. 'मग ही सेवा कोणत्या देखरेखीखाली आहे?' हा त्याचा स्वाभाविक उत्तरार्ध मात्र त्या वेळी कोणी उच्चारला नाही. केशरोपण हा शब्द करविषयक अधिसूचनेत २०१२ मध्ये आला. त्यासंबंधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे आली ती सप्टेंबर २०२२ मध्ये. मधले दशक हे या इतिहासातील सर्वांत बोलके पान आहे.

अशीच विसंगती वस्तू आणि जागा यांच्या बाबतीत दिसते. १९४० च्या औषध कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ या नियमांनी शरीरात बसवावयाच्या उपकरणांसाठी स्वतंत्र व्यवस्था केली. म्हणजे मलमाची डबी व रोपणाचे साधन यांवर शासनाची नजर आहे. ज्या खोलीत ते साधन शरीरात बसते, त्या खोलीवर मात्र तितकी नजर नाही.

८. मूळ कायद्याच्या देशात काय घडले?

१९२७ च्या कायद्याचा वारसा सांगणाऱ्या इंग्लंडने पुढे आपली व्याख्या बदलली. 'केअर स्टँडर्ड्स ॲक्ट, २०००' या कायद्यात खासगी रुग्णालय कोणते हे ठरविताना तेथे होणाऱ्या कृतींची यादी देण्यात आली. भूल देऊन केलेले उपचार व सौंदर्य शस्त्रक्रिया यांचा त्या यादीत नावानिशी समावेश होता. विशिष्ट क्षमतेच्या लेझर यंत्रांचा वापरही नोंदणीच्या कक्षेत आला. येणारा माणूस आजारी आहे की निरोगी हा प्रश्न गौण ठरला व त्याच्या शरीरावर काय केले जाणार आहे, हा मुख्य प्रश्न झाला. आपल्या दृष्टीने हा बदल मूलगामी आहे.

तथापि इंग्लंडचा इतिहास सरळ प्रगतीचा नाही. २०१० मध्ये सौंदर्यासाठी होणाऱ्या लेझर उपचारांना राष्ट्रीय नोंदणीतून मुक्त करण्यात आले. त्याच वर्षी 'पॉली इम्प्लांट प्रोथेस' या फ्रेंच कंपनीने स्तनरोपणांत वैद्यकीय दर्जाचे नव्हे, तर औद्योगिक सिलिकॉन वापरल्याचे उघड झाले. एकट्या ब्रिटनमध्ये सुमारे ४७,००० स्त्रियांना ही रोपणे बसविण्यात आली होती. कोणाला कोणते रोपण बसविले याच्या नोंदी अनेक खासगी केंद्रांकडे धड नव्हत्या. काही केंद्रांनी जबाबदारी नाकारली, काही बंद पडली आणि भार सार्वजनिक आरोग्यसेवेवर आला. या प्रकरणानंतर सर ब्रूस कीओ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला. सुईने चेहऱ्यात भरावयाची द्रव्ये घेणाऱ्या ग्राहकाला लेखणी वा दात घासण्याचा ब्रश विकत घेणाऱ्याहून अधिक संरक्षण नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील व्यक्तींवर सौंदर्यासाठी असे उपचार करण्यास बंदी आली आणि २०२२ च्या आरोग्य कायद्याने शस्त्रक्रियेविना होणाऱ्या सौंदर्योपचारांसाठी परवाना पद्धती आणण्याचा अधिकार शासनास दिला.

यातून दोन बोध मिळतात. व्याख्या बदलल्याखेरीज देखरेख शक्य नाही, हा पहिला. व्याख्या बदलूनही नोंदी व तपासणी ढिली राहिली तर देखरेख कागदावरच राहते, हा दुसरा.

९. महाराष्ट्रातील अलीकडील स्थिती

केंद्र शासनाच्या २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्याने खाटांची अट न ठेवता दवाखाना व चिकित्सालय यांनाही नोंदणीच्या कक्षेत घेतले. आजार व इजा यांबरोबर व्यंग व विकृती हे शब्दही त्याच्या व्याख्येत आले. १ मार्च २०१२ पासून काही राज्यांत हा कायदा अमलात आला. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. राज्याच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१४ मध्ये तयार झाला, परंतु त्याचा कायदा झाला नाही. त्याऐवजी राज्याने १९४९ चाच कायदा चालू ठेवला व १४ जानेवारी २०२१ रोजी त्याखालील नियमांत व्यापक दुरुस्ती केली. रुग्णहक्कांची सनद, दरांची माहिती दर्शनी भागात लावणे व तक्रार निवारणाची व्यवस्था या तरतुदी तिच्यामुळे आल्या. त्या निश्चितच स्वागतार्ह आहेत. मात्र त्या मिळतात त्या शुश्रूषागृहातील रुग्णाला. ज्या सौंदर्य रुग्णालयात खाटा व शस्त्रक्रियागृह आहे, ते नोंदणीच्या कक्षेत येते. ज्या केंद्रात एक खुर्ची, एक यंत्र व एक सुई आहे, ते व्याख्येच्या उंबरठ्याबाहेर राहते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सौंदर्य शस्त्रक्रिया व केशरोपण कोणी करावे हे सांगितले. सुघटन शल्यचिकित्सा अथवा त्वचारोगशास्त्र यांतील रीतसर प्रशिक्षण त्यांनी आवश्यक मानले. केवळ कार्यशाळेला उपस्थित राहून वा यूट्यूबवरील चित्रफिती पाहून आलेले कौशल्य पुरेसे नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. आकस्मिक प्रसंगाला तोंड देण्याची तयारी, लेखी संमती व नोंदी यांवरही त्यांत भर आहे. परंतु येथेही १९१२ ची जुनी विभागणी दिसते. आयोगाचा अधिकार डॉक्टरवर चालतो. जागेची तपासणी स्थानिक प्राधिकाऱ्याने करावयाची असते आणि त्याच्या हातातील कायदा १९४९ च्या व्याख्येचा आहे.

१०. आक्षेपाचा विचार

येथे एक आक्षेप घेतला जाईल. जी व्यक्ती स्वखुशीने, पैसे मोजून, आजार नसताना असे उपचार घेते, तिच्यासाठी शासनाने यंत्रणा का राबवावी? आधीच अपुऱ्या असलेल्या तपासणी यंत्रणेने ग्रामीण प्रसूतिगृहे सोडून शहरी सौंदर्यकेंद्रांकडे का वळावे? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु त्यात स्वेच्छेचा अर्थ चुकीचा घेतला आहे. स्वेच्छेला माहिती लागते आणि माहितीची हमी नियमनाशिवाय मिळत नाही. शिवाय आजारी माणसावर उपचार करताना धोका पत्करण्यास आजाराचे समर्थन असते. निरोगी माणसाच्या बाबतीत ते समर्थन नसते. म्हणून त्याच्यावरील उपचारांत सुरक्षिततेचा निकष शिथिल नव्हे, उलट अधिक कडक असावयास हवा. आणि केंद्रात बिघडलेली प्रकृती सुधारण्याचे काम अनेकदा अखेरीस सार्वजनिक रुग्णालयाकडेच येते. तेव्हा हा खर्च समाज आजही करतो, फक्त तो उशिरा करतो.

११. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) महाराष्ट्रातील खासगी उपचारकेंद्रांचे नियमन व्यक्ती (१९१२) व जागा (१९४९) अशा दोन स्वतंत्र मार्गांनी विकसित झाले. त्या दोहोंना जोडणारी यंत्रणा निर्माण झाली नाही.

२) १९४९ च्या कायद्यातील आजारी व्यक्ती व तिला ठेवून घेणारी जागा या कल्पना त्या काळास योग्य होत्या. खाटेविना होणाऱ्या व निरोगी व्यक्तीवरील उपचारांना त्या अपुऱ्या पडतात.

३) शासनाने सौंदर्योपचारांना करासाठी २००९ मध्ये व केशरोपणाला २०१२ मध्ये ओळखले. सुरक्षिततेसाठी ही ओळख २०२२ पर्यंत लांबली.

४) नोंदणीचा निकष व्यक्तीचा आजार अथवा खाटांची संख्या हा न ठेवता शरीरावर होणारी कृती हा ठेवणे आवश्यक आहे. कातडी भेदणे, सुन्न वा बेशुद्ध करणे आणि ऊर्जायंत्राचा वापर या तीन कृती जेथे होतात, ती प्रत्येक जागा नोंदणीस पात्र मानावी.

५) वापरलेल्या प्रत्येक रोपणाची व औषधाची नोंद ग्राहकास लेखी देणे बंधनकारक असावे. फ्रेंच रोपणांच्या प्रकरणाचा हा सर्वांत व्यवहार्य धडा आहे.

पुण्याजवळच्या त्या अनामिक कारागिराने कावसजीला नाक दिले, तेव्हा त्याच्या कामाची परीक्षा रोज उजेडात होत होती. आज हे काम बंद दाराआड व संकोचाच्या पडद्याआड चालते. तो जुना उजेड परत आणण्याचे साधन आधुनिक समाजाकडे एकच आहे, ते म्हणजे कायदा आणि त्याची प्रामाणिक अंमलबजावणी. दर्शनी भागात लावलेले नोंदणी प्रमाणपत्र वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली व ते प्रमाणपत्र खरोखरच तपासणीनंतर दिलेले असले, तर या इतिहासाचे पुढील पान वेगळे लिहिले जाईल.